बिनगाठीची दोरी

"गाठी कुणी सोडल्या?" केतकीने विचारलं.

तिच्या हातात दोरीचं टोक होतं. वर, अडीच पुरुष उंचीवर, दोन्ही भिंतींच्या मध्ये एक मोठा धोंडा अडकून बसला होता आणि त्याला बांधलेली दोरी सरळ खाली लोंबत होती. सकाळी केतकीने स्वतः तिला हात-हातभर अंतरावर गाठी मारल्या होत्या. आम्हा तीन म्हाताऱ्यांना उतरताना आणि परत चढताना धरायला काहीतरी असावं म्हणून. आता त्या दोरीला एकही गाठ नव्हती.

"मी सोडल्या," उज्जी म्हणाली. "सगळ्यांत शेवटी वर मीच होते की. दोरीला गाठ ठेवत नसतात."

"ठेवत नसतात म्हणजे?"

"ठेवत नसतात म्हणजे ठेवत नसतात. पीळ बिघडतो. दोरी कामातनं जाते."

केतकीने न्यायासाठी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. उज्जीने केलं ते मला अगदी बरोबर वाटत होतं, हे त्या पोरीला कोणत्या तोंडाने सांगायचं? शेवटी मी असते तर मीही सोडल्या असत्या. आमच्या हातांना ते वळणच होतं. आणि त्या वळणापायी आम्ही चौघी अमेरिकेतल्या एका वाळवंटात, जमिनीच्या पोटात अडकलो होतो.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण कुणी मला विचारलं की आयुष्यात अभिमानाने छाती फुगावी असं काय बघितलंस, तर मी मुलाचा पदवीदान समारंभ सांगत नाही, त्या दिवसाबद्दल सांगते. मुलगा रागावतो. रागावू दे.

आम्ही तिघी मिरजेच्या. उज्ज्वला, हेमलता आणि मी प्रमिला. एकमेकींना उज्जी, हेमी आणि पमी. पोरवयात आम्ही ज्ञानू वस्तादांच्या तालमीत दोरीच्या मल्लखांबाला जायचो. आढ्याला बांधलेल्या सुती दोरीवर नुसत्या हातापायांनी चढायचं आणि वर अधांतरी आसनं करायची, असा तो खेळ. शेवटी जिच्या हातात दोरी असेल तिने ती पुसायची, पीळ बघायचा आणि गाठ पडली असेल तर सोडवायची, हा तालमीचा नियम. दोरीला गाठ दिसली तर वस्ताद त्या दिवशी जेवत नाहीत, असं आम्हाला सांगितलेलं. खरं-खोटं देव जाणे, पण आम्ही त्यांना कधी उपाशी ठेवलं नाही.

पुढे लग्नं झाली आणि दोरी सुटली. मी टेलिफोनच्या ऑफिसात चिकटले आणि बसून बसून ऐंशी किलोंची झाले. एक गुडघा धातूचा आहे. उज्जीने पोळीभाजी केंद्र काढलं, ते गावात नावाजलं, पण पोळ्या लाटून लाटून तिचा उजवा खांदा कायमचा गेला. हेमीचं लग्न सगळ्यांत आधी झालं. आणि आमच्यात खरी चढणारी तीच होती. ती दोरीवर असली की वस्ताद काही सूचना देत नसत, नुसते बघत बसायचे.

केतकी ही हेमीची एकुलती एक लेक, अमेरिकेत मोठ्या नोकरीवर. यजमान गेल्यावर हेमी मिरजेत एकटी राहायची आणि मजेत राहायची. मग एका दिवाळीनंतर ती घरात पडली. दुपारी शेजारणीने दार वाजवलं तेव्हा कळलं. कपाळाला टाके पडले. "चक्कर आली," एवढंच हेमी म्हणाली. केतकी मिळेल त्या विमानाने आली आणि आईला उचलून घेऊन गेली. आधी म्हणाली, थोडे दिवस. मग तिथलं कायमचं राहायचं कागदपत्रांचं काम सुरू झालं. मग मिरजेचं घर विकायला निघालं, आणि गिऱ्हाईकही आलं.

तेव्हा हेमीने मला फोन केला. रडली वगैरे नाही, रडण्यातली ती नव्हेच. म्हणाली, "पमे, मला बघायला म्हणून दोघी या. आणि जाताना मला घेऊन जावा."

म्हणून आम्ही गेलो होतो. दिसायला पाहुण्या, आतून वकील. पण केतकी आमच्याहून हुशार निघाली. तिने सुट्टी काढली, एक मोटारहोम भाड्याने घेतलं आणि आम्हाला वाळवंट दाखवायला घेऊन निघाली. आत चार जणांची झोपायची सोय, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, सगळं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसा तो प्रकार, म्हणून आम्ही त्या गाडीचं नावच बिऱ्हाड ठेवलं. एवढं धूड ती पोरगी एका हाताने वळवायची. आम्ही घराचा विषय काढला की दुसऱ्या हाताने खिडकीबाहेर बोट दाखवायची, "मावशी, ते बघा, हरणं." आणि खरंच हरणं असायची, त्यामुळे काही बोलताही येत नसे.

शेवटी उज्जीने सरळ विचारलं. तेव्हा केतकीने गाडी कडेला घेतली. हेमी मागे झोपली होती.

"मावशी, तिच्या हृदयाच्या तपासण्या केल्या, मेंदूच्या केल्या, कानाच्या केल्या. चक्कर का आली ते एकाही डॉक्टरला सापडलं नाही. सापडलं असतं तर मी औषध दिलं असतं आणि पाठवलं असतं. ती पुन्हा पडली आणि दार वाजवायला कुणी आलंच नाही, तर? तुम्ही जबाबदारी घेता?"

उज्जी कुणाला उत्तर द्यायला कमी करत नाही. पण त्या दिवशी तीच खिडकीबाहेर हरणं शोधायला लागली, कारण पोरगी बरोबर बोलत होती. रविवारी आमचं परतीचं विमान होतं. दोघींचंच.

मला खरं बघवत नव्हतं ते वेगळंच. केतकी आईच्या हातातून सगळं काढून घ्यायची. हेमीने भाजी चिरायला घेतली की सुरी काढून घ्यायची. पाण्याची बाटली द्यायची ती झाकण उघडून. बुटाच्या नाड्या स्वतः खाली बसून बांधायची. सगळं मायेने, त्यात खोट काही नाही. आणि हेमी तिला करू द्यायची. पाय पुढे करून, लांब कुठेतरी बघत बसायची.

त्या दिवशी घळीत उतरायचं ठरलं तेव्हा केतकी म्हणाली होती, "आई, तू बिऱ्हाडात थांब. आम्ही जाऊन येतो."

"मी येणार," हेमी म्हणाली.

"मध्ये एक उतार आहे, दोरी लावावी लागते."

"म्हणून तर येते म्हटलं."

त्या सबंध प्रवासात तिने धरलेला तो पहिला हट्ट. केतकीलाही बहुधा नवल वाटलं, म्हणून तिने मान डोलावली.

कॅन्यन म्हणजे आपली घळच, पण ही अशी अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. भिंती तांबड्या, पाण्याने घासून गुळगुळीत झालेल्या, आणि आकाशाची वर नुसती फीत. बाहेर अंग भाजत होतं आणि आत माठाजवळ बसल्यासारखा गारवा. उज्जी म्हणाली, "इथं एक केंद्र काढलं पाहिजे, ताक चांगलं खपेल." केतकी हसली. आमच्या समोर ती तशी क्वचितच हसायची, चेहऱ्यावर सतत काळजी असायची.

मग तो उतार आला. केतकीने धोंड्याला दोरी बांधली, चांगली अंगठ्याएवढी जाड, आणि गाठी मारल्या. आधी आईला उतरवलं, म्हणजे स्वतः खालून तिची पावलं धरून धरून उतरवलं, आणि तिला धरून पुढच्या वळणापलीकडे सावलीत घेऊन गेली. मग मी उतरले. त्याला घसरले म्हणणं जास्त बरोबर होईल. वर राहिली उज्जी. तिने दोरी वर ओढून घेतली, एकेक गाठ सोडली, बोटांच्या चिमटीतून सबंध दोरी सरळ केली, खाली सोडली, हात लावून कपाळाला लावला आणि डाव्या हाताच्या जोरावर सर्रकन खाली आली. मी खालून टोक ताणून धरलं होतं. काय सांगू, फार बरं वाटलं. पुन्हा चढायचंय हे आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. तालमीत कधी गाठ धरून चढलोच नव्हतो ना.

घळीच्या शेवटी एक डोह होता, हिरवा आणि खोल. त्याच्यापुढे वाट नव्हती. तिथे बसून आम्ही धपाटे आणि शेंगांची चटणी खाल्ली. हेमी पाण्यात पाय सोडून बसली होती आणि बऱ्याच दिवसांनी आपणहून बोलत होती, कुणाच्या लग्नात काय झालं असलं काहीबाही. मग केतकीने वर बघितलं. आकाशाची फीत पांढरी झाली होती.

"निघू या," ती म्हणाली.

"एवढ्या ढगाला काय होतंय?" मी म्हटलं.

"मावशी, इथे आपल्यावर पाऊस पडावाच लागत नाही. लांब डोंगरावर पडला तरी त्याचं पाणी याच घळीतून येतं. आणि सांगून येत नाही."

मी मुकाट्याने उठले. त्या गुळगुळीत भिंती कशाने घासल्या असतील ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

तर अशा आम्ही पुन्हा त्या उताराखाली आलो, आणि केतकीने दोरीचं टोक हातात घेऊन विचारलं, गाठी कुणी सोडल्या.

उज्जीचं उत्तर ऐकून ती काही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. खालून मारायच्या तर हात पोचेल तेवढ्याच गाठी बसणार होत्या. ती दोरीला लटकली आणि चढायला लागली. जिममध्ये जाणारी मुलगी, दंडात जोर होता. पण उताराची भिंत खालच्या बाजूला आत गेलेली, पाय टेकायला काही नाही, दोरी अधांतरी. नुसत्या हातांवर ती माझ्या डोक्याइतकी वर गेली, तिथे तिचे बूट हवेत फिरत राहिले, आणि ती दोरीवरून घसरत खाली आली. तळहात सोलले. तिने ते पँटला पुसले आणि परत चढली. परत घसरली.

"माझ्या खांद्यावर उभी राहा," मी म्हटलं.

उभी राहिली. तिचा हात काही कडेला पोचला नाही आणि माझा धातूचा गुडघा वाळूत रुतला. आम्ही दोघी एकीवर एक पडलो. मग उज्जी पुढे झाली. "मी घाण केली, मीच निस्तरते," म्हणाली. दोन हात वर गेली, तिथे तिचा खांदा बोलला आणि ती खाली आली. भिंतीला टेकून बसली आणि डोळ्यांतून पाणी काढलं. उज्जीला रडताना मी तिचा नवरा गेला तेव्हासुद्धा बघितलं नव्हतं.

"मला वाटलं तुम्ही दोघी आहात तर आईला बरं," केतकी म्हणाली. आवाज अजून शांतच. "मला वाटलं आता मला चार माणसांपैकी एकाच माणसाकडे बघावं लागेल. मला तिघींकडे बघायचं आहे, हे मला कळायला पाहिजे होतं."

फोनला रेंज नव्हती. वर फीत करडी झाली होती आणि त्या घळीत वारा सुटला होता, गार वारा, जो सकाळी नव्हता.

तेवढ्यात मागे काहीतरी सरपटल्याचा आवाज झाला. हेमी वाळूत बसून बूट काढत होती. नाड्या सोडल्या, बूट शेजारी शेजारी ठेवले, मोजे काढून त्यात कोंबले.

"आई, काय करतेस? खाली बस."

"बसलेच आहे की."

मग तिने पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट फाकवून त्या बेचक्यात वाळू चोळायला सुरुवात केली, आणि मला दिसलं. दोरीवर अंगठ्याच्या त्या बेचक्यात धरून चढायचं असतं, आणि रोज चढणारीला तिथे घट्टा पडतो. आम्हा सगळ्या मुलींना तो होता. खेळ सुटला की काही महिन्यांत तो जातो, माझा तर लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीआधीच गेला होता. हेमीच्या दोन्ही पायांना घट्टा होता. जरा निवलेला, पण होता.

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, गप्प बस.

ती उठली, तळहातांना माती लावली आणि दोरीकडे आली. केतकी दोरी आणि तिच्या मध्ये उभी राहिली.

"नाही. मी तुला चढू देणार नाही."

"केतू, सर."

"तुला काय वाटतं, हा खेळ आहे?"

"खेळच आहे," हेमी म्हणाली. "सर."

"पडलीस तर? वर चक्कर आली तर?"

"पडले तर तू धर. म्हणून तर तुला खाली उभी करते आहे. इथं ये. पाय फाक. हात वर कर, दोन्ही. नजर माझ्या कमरेवर ठेव, तोंडाकडे बघू नकोस. माणूस पडतं ते कमरेतनं पडतं."

हा वस्तादांचा आवाज होता. वस्ताद जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तो आवाज त्या परक्या मुलखातल्या घळीत, हेमीच्या तोंडून आला. उज्जीने डोळे पुसले आणि भिंत सोडून सरळ उभी राहिली. मीसुद्धा. अंगातली सवय, दुसरं काय.

केतकीने आईकडे बघितलं. मला वाटतं, बऱ्याच महिन्यांत तिने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं असेल. मग ती बाजूला झाली, पाय फाकवले आणि हात वर केले.

हेमीने दोरीला हात लावला, कपाळाला लावला आणि उडी मारून दोरी धरली.

तिचं ते चढणं मला जन्मात विसरता येणार नाही. घाई नाही की झटका नाही. हात वर जायचा, मग पाय गोळा होऊन वर यायचे, अंगठ्याच्या बेचक्यात दोरी चिमटीत पकडायची आणि मग सबंध अंग त्या दोन पायांवर उभं राहायचं. पुन्हा हात. साठी उलटलेली बाई, सलवार-कमीज, पांढरी वेणी पाठीवर. अर्ध्या वाटेवर ती थांबली. केतकी एक पाऊल दोरीखाली सरकली.

"काय झालं?" उज्जीने विचारलं.

"दम खाते," हेमी वरून म्हणाली. आणि तिने दोरीचा एक वेढा मांडीला घेतला, त्याला आम्ही अढी म्हणतो, आणि दोन्ही हात सोडले. दोन्ही हात सोडून ती त्या अधांतरी दोरीवर बसली आणि हातांचे पंजे झटकले, एक, मग दुसरा. तशी काही गरज नव्हती. ते तिने केतकीला दाखवायला केलं की आम्हाला, की स्वतःसाठी, मी तिला कधी विचारलं नाही. माझा ऊर भरून आला होता. मला त्या घळीत ओरडून सांगावंसं वाटत होतं की ही आमची हेमी आहे, मिरजेची आहे, हिच्याबरोबर मी डबा खाल्लेला आहे.

मग तिने पुन्हा दोरी धरली, वर गेली, कडेवर पोट टाकलं, आणि तिचे तांबडे झालेले दोन तळवे वर दिसेनासे झाले.

क्षणभर काहीच नाही. मग तिचा चेहरा वरून डोकावला.

"केतू, हात खाली घे आता."

केतकीचे हात अजून वरच होते. तिने ते खाली घेतले आणि आईचे बूट उचलून नाड्यांनी गळ्यात अडकवले.

दोरी वर गेली. हेमी गाठी मारायला लागली. हात-हातभर अंतरावर, घट्ट. उज्जीने तोंड फिरवून भिंतीकडे केलं.

"काय गं?" मी विचारलं.

"मला बघवत नाही," ती म्हणाली.

गाठींची दोरी खाली आली. आधी उज्जी गेली. मग मी, म्हणजे मला हेमीने वरून ओढलं आणि केतकीने खालून ढकललं, आणि त्या दोघींनी पहिल्यांदा एकमेकींना सूचना देत एखादं काम केलं असेल, तर ते माझं धूड वर चढवण्याचं. शेवटी केतकी आली. वर आल्यावर तिने दोरी सोडवली, गुंडाळली आणि पुढे चालायला लागली. कुणाचा हात धरला नाही.

पाणी त्या दिवशी आलंच नाही. ढग तसेच दुसरीकडे निघून गेले आणि आम्ही बिऱ्हाडाशी पोचलो तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. पण ते आम्हाला खाली असताना कुठे माहीत होतं?

उज्जीने शेगडीवर चहाचं आधण ठेवलं. हेमी आतल्या बाकावर बसली. तिच्या पायाच्या बेचक्यांतली कातडी सोलवटली होती. केतकीने मलमाची नळी काढली, आईसमोर खाली बसली आणि पाय मांडीवर घेतला.

"मल्लखांब," ती म्हणाली. "मला कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तू दहावीत होतीस. म्हणालीस, आई, उद्या भूमितीचा पेपर आहे."

मलम लावताना तिचं बोट त्या घट्ट्यावर थांबलं. हुशार मुलगी. तिने दुसरा पाय घेतला, तोही बघितला, आणि मान वर केली ती माझ्याकडे.

"पमीमावशी, चाळीस वर्षांनी कुणाला असं चढता येतं?"

मी रिकाम्या कपात बघितलं. ते सांगणं माझं नव्हतं.

"चाळीस वर्षांनी नाही येत," हेमी म्हणाली. "रोज चढलं तर येतं. तुझे बाबा गेल्यावर मी पुन्हा सुरू केलं. मागच्या खोलीत तुझ्या पाळण्याची कडी आहे ना, तिला दोरी बांधते. सकाळी उठले की आधी दोरी. मग चहा."

उज्जीच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "आणि आम्हाला नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर पोळीभाजीबरोबर गावभर वाटलं असतंस."

हे खोटं नव्हतं. तरी मला लागलं. एका गावात, चार गल्ल्या पलीकडे ही बाई रोज सकाळी दोरीवर चढत होती आणि मी शेजारी बसून हिच्याशी गुडघेदुखीच्या गप्पा मारत होते. पण ते लागणंही फार वेळ टिकलं नाही. आमच्यातल्या एकीने तरी दोरी सोडली नव्हती, याचाच आनंद जास्त होता.

केतकी मात्र अजून पाय धरून बसली होती. ती एकेक धागा जोडत होती.

"दिवाळीनंतर," ती म्हणाली.

"कडी निसटली," हेमी म्हणाली. "तुझ्या आज्जीच्या वेळची होती, आतून गंजलेली. मला बघायला पाहिजे होतं. चक्कर-बिक्कर काही नाही. शेजारीण दार वाजवत होती, कपाळातनं रक्त येत होतं, तरी आधी दोरी पलंगाखाली सारली आणि मग कडी काढली दाराची."

"मी तुला मशीनमध्ये घातलं. डोक्याला वायरी लावल्या. रात्र-रात्र मी तुझ्या खोलीबाहेर..." तिने आईचा पाय सोडला. "आणि तू चक्कर म्हणालीस."

"दोरीवरनं पडले म्हटलं असतं तर तू दोरी काढून घेतली असतीस."

"आणि चक्कर म्हटल्यावर?"

"घर काढून घेतलंस," हेमी म्हणाली. "माझा अंदाज चुकला."

ती हे रागाने बोलली नाही. पण त्या एवढ्याशा गाडीत आम्ही तिघी एकमेकींकडे बघेना. चहा उतू गेला आणि शेगडी विझली. उज्जीने फडकं घेतलं नाही.

केतकीने मलमाच्या नळीला झाकण लावलं. आईचे पाय उचलून बाकावर नीट ठेवले, उठली आणि पुढे जाऊन गाडी चालवायच्या सीटवर बसली. आमच्याकडे पाठ. दोन्ही हात चाकावर. समोरच्या काचेतून तिला तो तांबडा डोंगर दिसत असणार. मी हेमीचा हात धरला होता आणि तो मातीने खरखरीत होता. आता रविवारी विमानात आम्ही दोघीच बसणार, असं मी मनात म्हणत होते. खोटं बोलणाऱ्या आईला कोण सोडेल?

"आता साधी कडी चालणार नाही," केतकी मागे न वळता म्हणाली. "तुळईतून आरपार बोल्ट घालायचा, वर लोखंडी पट्टी लावून. सुताराकडून करायची नाही, चांगला फॅब्रिकेटर बघायचा. खाली गादी, जाड. आणि चढायच्या आधी मला फोन करायचा, उतरल्यावर परत करायचा. एक दिवस जरी चुकला तरी मी विमानात बसेन."

हेमी नुसती "बरं" म्हणाली. तिचा हात माझ्या हातात घट्ट झाला.

उज्जीला काही गोष्टी स्पष्ट बोलल्याशिवाय कळत नाहीत. तिने फडकं हातात घेतलं आणि विचारलं, "आणि घर? ते गिऱ्हाईक?"

"मग कडी काय हवेत बसवणार आहात, मावशी?" केतकी म्हणाली, आणि तिने गाडी सुरू केली.